न चाखलेली आमटी

जवळ ये रेवती, वही ठेव बाजूला. 'डिस्ट्रस्टफुल' म्हणजे अविश्वास बाळगणारी, एवढं पाठ करून तो शब्द कळायचा नाही. त्यापेक्षा तुझ्या या आत्याचीच एक गोष्ट सांगते, ती ऐक.

दत्तजयंतीच्या सप्ताहात कीर्तन संपलं की देवळात पंगत बसे. आमटी गोदाक्काच्या हातची. नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाक चाखायचा नसतो, तरी शंभर पानांच्या आमटीत तिचं मीठ कधी चुकलं नाही. सगळे वाहवा करत. मी मात्र एकदा भर पंगतीत बोलून गेले, "न चाखता इतकं नेमकं मीठ? देवाला उष्टं दाखवतेस की काय गं अक्का?"

पंगत थांबली. कीर्तनकार बुवांनीही हातातला घास खाली ठेवला. गोदाक्कानं पळी पातेल्यात ठेवली.

"चाखून करू काय, पोरी?" ती म्हणाली. "चार वर्षांमागं तापात जिभेची चव गेली, ती आलीच नाही. मीठ काय नि साखर काय, मला सारखंच. हाताच्या अंदाजानं घालते. सांगितलं असतं तर माझी सेवा काढून घेतली असती तुम्ही. आता घ्या काढून."

बुवा पानावरून उठले, तिच्या पायांवर डोकं ठेवलं आणि परत येऊन बसले. "अक्का, आमटी वाढा," एवढंच म्हणाले.

मी वाटी पुढं केली.

मरेपर्यंत आमटी तिचीच राहिली.

आता वाक्य लिही: 'माझी आत्या डिस्ट्रस्टफुल होती.' आणि प्रसादाचा पहिला घास घेताना गोदाक्काची आठवण काढत जा हो, बाळा.