शेजारची वाटी

"अर्धी नको भावजी, अख्खीच द्या वत्सलाला. मी रोजच घेते," म्हणत शेजारच्या सिंधूवहिनींनी दिगंबररावांच्या हातात वाटी ठेवली. वाटीत झोपेची गोळी होती. विरजण, कढीपत्ता, सगळं याच वाटीतून यायचं. आणि वाटी कधी रिकामी परत जायची नाही.

मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखण्यावरच्या जालीम गोळ्या घेऊनही वत्सलाचा डोळा लागत नव्हता. त्या दुपारी मात्र ती चक्क घोरायला लागली. दिगंबररावांना हायसं वाटलं. तिला जाग येऊ नये म्हणून त्यांनी मिक्सरही लावला नाही. चहाला हाक मारली, तर ती उठलीच नाही.

"दुखण्याची ती गोळी अफूच्या जातीची असते. तिच्यावर झोपेची गोळी देत नाहीत हो," डॉक्टर हळूच म्हणाले. "श्वास मंदावत जातो. ते घोरणं झोपेचं नव्हतं."

तेराव्यानंतर दिगंबरराव वाटीत साखर घालून ती परत द्यायला गेले. सिंधूवहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "माझ्या गोळीने निदान शेवटची झोप तरी सुखाची लागली ना तिला?"

"हो वहिनी. शांत झोपली."

दारापर्यंत जाऊन ते थांबले. मागे वळून बघायचा धीर होईना.

"फक्त, ती गोळी आता कुणाला देऊ नका."