मोजणीचा पडसाद

“कुणाला सांगून पटायचं न्हाय, आक्का! ताल धरायला मी मराठीत मोजलं, आन् ह्या कॉम्प्युटरनं कन्नडात पडसाद दिला!”

सदलग्याहून आलेल्या थोरल्या बहिणीसमोर गोमटेशनं आपल्या बेळगावच्या टिळकवाडीतल्या खोलीत सकाळचं रेकॉर्डिंग लावलं.

“एक, दोन, तीन, चार.” लगेच त्याच आवाजात, “ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.” मग गिटार.

आक्काच्या लेकीच्या लग्नाची धून संध्याकाळपर्यंत पाठवायची होती. गोमटेशनं आवाज घुमवणारे इफेक्ट एकेक करून बंद केले. डिले गेला, रिव्हर्ब गेला. गिटार पार कोरडी झाली, पण मोजणीचा पडसाद काही हटेना.

शेवटी त्यानं मोजणीच कापली. उरलेली धून अगदी स्वच्छ वाजली. ती पाठवली तेव्हा कुठं दोघांचा जीव भांड्यात पडला.

आक्काला आता हसू फुटलं. “लई लबाड हायस रं! लपाछपीत राज्य आलं तरी तू कन्नडातच मोजायचास. जन्मात मराठीत मोजलं न्हाईस. तो दुसरा आवाज तुझाच!”

मराठीत मोजल्याची थाप पकडली गेली म्हणून गोमटेशही खो खो हसला.

आक्काचं हसू मात्र मध्येच थांबलं.

“मग पहिला कुणाचा रं?”