हातभर फिल्म

“चाकाचा एकेक आरा दिसतो काका, पण माझी आई कुठंच दिसत नाही,” कलावती म्हणाली. बैलगाडीचं चाक घडवणाऱ्या तिच्या वडिलांवरची जुनी फिल्म तिनं परवाच पाहिली होती. ती तान्ही असताना आई गेली. घरात एक फोटोही नव्हता.

खांबेटेकाका चष्मा पुसायला लागले, म्हणजे त्यांना सगळं आठवलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी ते फिल्मना ‘शैक्षणिक’ असा सरकारी दाखला देत; या फिल्मलाही त्यांनीच दिला होता. तो मिळाला की फिल्म परदेशच्या शाळांत जकातीशिवाय जाई. फिल्ममध्ये कोणी नुसतं हसलं, तरी काकांच्या लेखी ती करमणूक, आणि तेवढा तुकडा कापायचा! साऱ्या खात्यात त्यांनी नाव कमावलं होतं: कात्रीवाले खांबेटे.

पण कापलेला तुकडा त्यांनी कधी फेकला नव्हता. कपाटातून त्यांनी एक पिवळं पडलेलं पाकीट काढलं. वर त्यांच्याच अक्षरात होतं: ‘चाक. बाई हसते. शैक्षणिक मूल्य नाही.’

कलावतीनं ती हातभर फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि भिंग लावलं. नवऱ्याला पाणी घेऊन आलेली बाई कॅमेरा बघून पदर तोंडाशी नेत होती, पण हसू आधीच निसटलं होतं.

“अगं बया! माझा हा पुढं आलेला दात आईचा होय? आत्या जन्मभर नुसती चिडवायची, कुणाच्या वळणावर गेलीय देव जाणे.”

काकांनी पाकिटावरचा ‘नाही’ खोडला आणि जुन्या सवयीनं खाली सही करून तारीख घातली.