उरलेली अर्धी

हेल्मेट डोक्यावरून पुरतं निघालंही नव्हतं, तोच डॉक्टर बोलू लागले. "गाडी नाही हो ही, वादळ आहे." संपादकांनी लगबगीने रेकॉर्डर त्यांच्या तोंडापुढे धरला.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. दवाखान्यात जायला साधी मोटारसायकल, तीही बायकोला मागे बसवून, हळूहळू. पण मोटारसायकलींचं मासिक ते कॉलेजात असल्यापासून वाचत. गेल्या महिन्यात त्यांनी संपादकांना फोन करून चांगलंच सुनावलं होतं. या दांडग्या गाड्यांवर नेहमी शर्यतवालेच लिहितात, वाचतो मात्र आम्ही. एकदा आमच्यासारख्याच्या हातात देऊन तर बघा. संपादकांनी शब्द पकडला. एका कंपनीची नवी, सगळ्यांत तगडी स्पोर्ट्स बाइक आणि शर्यतीचा मोकळा ट्रॅक, सकाळभर. "जमलं तर दर महिन्याला एक वाचक बोलावू," ते म्हणाले होते. "फसलं तर मालक हे सदर जन्मायच्या आधीच गुंडाळतील."

तेव्हापासून डॉक्टरांना दुसरं काही सुचत नव्हतं. या गाडीवर जिथे जिथे जे जे लिहून आलं होतं ते सगळं त्यांनी वाचून काढलं. दवाखान्यात पेशंटांना ऐकवलं. आ वासून बसलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, हे त्यांच्या धंद्याचं सुख. घरी जेवताना बायकोला ऐकवलं. ती एका शाळेची मुख्याध्यापिका. भाषणं ऐकायची तिला सवय होती.

आणि आज ते खरोखर बसले. सरळ पट्ट्यावर मूठ पिळली तशी गाडी अशी काही सुटली की पोट मागेच राहिलं. डोळ्यांतून पाणी आलं. वळण अजून लांब होतं तेव्हाच त्यांनी ब्रेक दाबला, मग वळणापर्यंत पोचायला पुन्हा मूठ पिळावी लागली. तिसऱ्या गियरच्या वर ते गेलेच नाहीत. त्यांच्या मागे मासिकासाठी गाड्यांची चाचणी घेणारी बाई एका जुन्या गाडीवर येत होती, ताठ बसून, एक हात मांडीवर ठेवून, बाजारातून परतल्यासारखी. ती एके काळी शर्यती जिंकायची. ट्रॅकवर तिला सगळे उस्ताद म्हणत.

"शक्ती तर अमर्याद," डॉक्टर रेकॉर्डरमध्ये सांगत होते. "मूठ जरा हलवा, पृथ्वी मागे सरकते. ब्रेक धारदार. वळणावर गाडी तुमच्याशी बोलते." बाजूला बायको थर्मास घेऊन उभी होती. तिचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते, शब्दाला शब्द.

उस्तादने हातमोजे काढले. गाडीची किल्ली फिरवून तिने हँडलपुढचा छोटा पडदा उजळवला आणि कोपऱ्यातल्या एका चित्रावर बोट ठेवलं. छोटासा ढग होता, खाली दोन थेंब.

"डॉक्टर, गाडी पावसाळी मोडवर होती," ती म्हणाली. "यात इंजिन निम्मीच ताकद सोडतं. पहिल्यांदा बसणाऱ्याला मी अशीच देते. सकाळी सांगितलं होतं मी, तुमचं लक्ष नव्हतं."

वर लख्ख ऊन होतं. डॉक्टर त्या ढगाकडे बघत राहिले. अख्ख्या सकाळभरात त्यांनी पडद्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. बघायची हिंमतच झाली नव्हती.

संपादक भला माणूस. त्यांनी घसा खाकरला. "असं करू, हे पुसून टाकू. मजकूर उस्ताद लिहील. तुमचा गाडीवरचा झकास फोटो वर लावू. कुणाला काही कळायचं नाही."

डॉक्टरांना ते पटतही होतं. सुटका होती ती. इतक्यात बायकोने कपात चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

"आता तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मघाशी बोललं ते मासिक होतं."

डॉक्टरांनी एक घोट घेतला. मग म्हणाले, "लावा ते यंत्र पुन्हा."

"मी घाबरलो," त्यांनी सुरुवात केली. "सगळं वजन मनगटांवर येतं. उद्या पेशंटच्या तोंडात हात घालायचाय, त्याची काळजी वाटतेय. आरशात मागचं काही दिसत नाही, आपलीच कोपरं दिसतात. वळणावर गाडी बोलते म्हणतात. माझ्याशी नाही बोलली. मीच सारखा आई गं म्हणत होतो. अर्ध्या ताकदीला मी अमर्याद म्हणालो, आणि खरं सांगतो, मला ती तेवढीच वाटली. जन्मभर पुरेल आणि वर उरेल. घेणार का विचाराल तर नाही. पुन्हा बसणार का विचाराल तर आत्ता."

बायको हसली. हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं. संपादकांनी मान डोलावली, सदर जगलं.

"माझं झालं," डॉक्टर मोकळे होऊन म्हणाले. "उरलेल्या अर्ध्या ताकदीचं मात्र उस्ताद, तुम्हीच सांगा. ते माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. तुमच्या नावाने खाली जोडू."

संपादकांनी रेकॉर्डर तिच्याकडे वळवला. उस्तादने गाडीकडे पाहिलं, मग लांबवर त्या सरळ पट्ट्याकडे. संपादकांना वाटलं, तिला खाजगीत बोलायचं असेल. त्यांनी बटणाकडे बोट नेलं.

"चालूच राहू दे," ती म्हणाली. "डॉक्टर, ती अर्धी मलाही अजून पुरती भेटलेली नाही. आजवर मी ती अंदाजानेच लिहीत आले."