उसनी कोंबडी

टोपली वर आली ती रिकामी.

दोरी भिकुबाईच्या हातात होती. गोबरगॅसच्या टाकीच्या कठड्यावर उभ्या असलेल्या चौघांनी आधी टोपलीत पाहिलं, मग एकमेकांकडे. कोंबडी चौघांतल्याच एकीची, शेजारच्या धुरपदाबाईची होती, अंड्यावरची होती, आणि जशी नेली तशी परत आणून द्यायचा शब्द भिकुबाईच्या नवऱ्याने, चुडामणने, दिला होता.

केळीचे खांब कोंबून कोंबून टाकीचा गॅस बंद पडला होता. लोखंडी झाकण ट्रॅक्टरला साखळी लावून बाजूला ओढलं, वरची रबडी पंपाने उपसली. तळाचा गाळ काढायला मात्र माणूसच उतरणार. माणसाआधी कोंबडी सोडून आतली हवा पाहावी, ही अक्कल पुतण्याची, प्रेमराजची. तो मोबाइलमध्ये पाहून ट्रॅक्टरपासून मूळव्याधीपर्यंत सगळं दुरुस्त करत असे.

"विहीरमा कंदील सोडतस, काका," तो म्हणाला होता. "आठे सोडा त गॅस पेटी, टाकी वर यी आनि आपून खाले जासूत."

त्याचं तेवढं एक म्हणणं भिकुबाईला पटलं होतं.

कोंबडी खाली गेली तेव्हा तिने फडफड ऐकली होती. हाताला दोरीचा हिसकाही लागला. मग दोरी हलकी झाली. मग काहीच नाही.

"उडी मारी तिनी," प्रेमराज आता म्हणाला. "म्हंजे जित्ती शे. मरेल कोंबडी उडी मारस का?"



"वास बी गया," चुडामण नाक फुगवून म्हणाला. "सकायमा नाक फाटत व्हतं. आते काहीच नही. हवा साफ व्हयनी."

भिकुबाईनेही हुंगून पाहिलं. वास खरंच नव्हता. ती मागे सरून गोठ्याच्या वाऱ्याला उभी राहिली, दम घेतला आणि परत आली. कुजक्या अंड्यांचा भपका जागच्या जागीच होता.

"ओ, उतरू नका," ती म्हणाली. "वास आठेच शे. आपलं नाक मरी गयं."

"नाक मरस का कधी, काकू?" प्रेमराज हसला.

पेपरात असल्या बातमीला तीन फोटो असतात, एका ओळीत. पहिला उतरलेला, दुसरा त्याला काढायला उतरलेला, तिसरा त्या दोघांना काढायला. तिघंही भली माणसं असतात. फोटोत तिघांचेही भांग नीट पाडलेले असतात. भिकुबाईला ते भांगच दिसू लागले.

"मनी कोंबडी," धुरपदाबाई वाकून म्हणाली. "ती देख, पांढरं दिखी ऱ्हायनं."

"आनस ना, अक्का. गाळनं मंग पाहू." चुडामणने पायजमा गुडघ्याच्या वर घेतला. गॅसपेक्षा त्याला धुरपदाबाईच्या तोंडाची धास्ती जास्त होती, आणि गावात ती कोणाला नव्हती?

त्याने एक पाय टाकीत सोडलेल्या शिडीवर ठेवला. दुसरा उचलला.

भिकुबाईने मागून त्याचा सदरा मुठीत धरला आणि सगळं अंग मागे टाकलं. तो कठड्यावर आपटला. त्याने दिलेली शिवी तिने ऐकलीसुद्धा नाही. सदरा न सोडता तिने पायाने शिडी लोटली. शिडी आत कोसळली, गाळात आडवी झाली, आणि तिच्या आजूबाजूने मोठमोठे बुडबुडे वर येऊन सावकाश फुटत राहिले.

"शिडी!" प्रेमराज ओरडला. "काकू, लोकेस्नी शिडी शे ती! मांगी आनेल शे!" आणि पँट दुमडत तो खाली उतरायला पंपाचा पाइप चाचपू लागला.

भिकुबाईने दुसऱ्या हाताने त्याची कॉलर धरली.

तेवढ्यात धुरपदाबाईने पदर कमरेला खोचला आणि दोन्ही पाय आत सोडून ती कठड्यावर बसली.

"भांडत बसा तुम्ही," ती म्हणाली. "मीच देखस, जित्ती शे का नही."

भिकुबाईला तिसरा हात नव्हता.