एका भाकरीचं पीठ

घंटा झाली तरी भागूबाईची जागा रिकामीच होती. पुढच्या सतरंजीचं डावं टोक. देवळात माणसं थोडी अन् सतरंजी लांब, तरी तिथं कुणी सरकलं नाही. तेवढी कुणाची छाती नव्हती.

थॉमस पाळक मेजामागं उभे होते. पेल्यात मनुकांचा रस होता. ताटली मात्र मोकळी. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत मोडून सगळ्यांनी वाटून खायची भाकर या देवळात भागूबाईच्याच चुलीवरून यायची, पाळकांच्या वडलांच्या वेळेपासून. गोल, अख्खी. थापताना काठाला चीर गेली तर ती भाकर घरात खायची अन् देवळासाठी दुसरी थापायची, हा तिचा कायदा. तो तिनं कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता. तिला वाचता येतच नव्हतं.

भागूबाई म्हणजे पाळकांची आत्या. आई गेल्यावर तिनंच त्यांना न्हाऊ घातलं, बदडलं अन् नगरला पाळकाच्या शिक्षणाला धाडलं. आता तीच त्यांना सोडून पलीकडच्या मंडळीत गेली होती.

सगळ्या मिशनांची मिळून बिशपाच्या हाताखाली एक मंडळी करायचं ठरलं, तेव्हा पाळकांनी आनंदानं हात वर केला होता. त्यांना वाटलं, आता भिंती पडतील. पडतात कुठल्या? निम्मी माणसं म्हणाली, आमच्यावर कधी बिशप नव्हता, आताही नको. ती उठून रस्त्यापलीकडच्या पत्र्याच्या शेडात गेली. तिथं आसाराम मास्तर उपासना चालवायचे. एक व्हायला निघाले अन् एका वस्तीत देवळं दोन झाली. दुष्काळाच्या कामावर खडी फोडायला मात्र सगळी एकाच ढिगाला बसायची. तिथं कुणी कुणाला बिशप विचारत नव्हतं.

दारात सावली पडली.

भागूबाई उंबऱ्याबाहेर उभी होती. एका हातात फडक्याचं गाठोडं. तसलंच दुसरं काखेत.

पाळक मेज सोडून दाराशी गेले. "सलाम, आत्या. आत ये."

"सलाम, पाळकसाहेब. बिशपाला इचारलंय का?"

मागं कुणीतरी खुदकन हसलं अन् गप झालं.

"तुझी जागा तशीच हाय."

"असू दे. सहादेवला बसव तिच्यावर. त्याला तर तू सर्गात बसवलंस, मग सतरंजीची काय मिजास?"

सहादेव हा वस्तीशेजारचा हिंदू शेतकरी. गावातले आड आटले तशी त्यानं आपली विहीर ख्रिस्ती वस्तीला मोकळी केली होती. अशा माणसाला देव दाराबाहेर ठेवील असं मला वाटत नाही, एवढंच पाळक मागल्या रविवारी उपदेशात बोलले होते. शेडातल्यांना पाणी गोड लागलं, बोलणं कडू.

"त्यानं पानी दिलं, आत्या. त्याच्या बापानं आपल्या बापाला दिलं नव्हतं."

"मला सांगतोस? त्याच पान्यात पीठ मळलंय म्या. येता-जाता सलाम घालते त्याला. पर पान्याची गोष्ट येगळी, सर्गाची येगळी."

"सर्गाच्या दारावर मी न्हाई बसलेलो. तूबी न्हाई."

पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, पुन्हा सोडलं.

"लई शिकलास," ती म्हणाली. आवाज खाली आला होता. "म्याच धाडलं शिकाया. आता गाऱ्हानं कुनाला सांगू?"

"आजच्या दिस माझ्या हातनं घे. उद्या भांड."

भागूबाईनं त्यांच्या खांद्यावरून आत पाहिलं. सतरंजीच्या डाव्या टोकाकडं.

"मेल्यावर माती तूच दे," ती म्हणाली. "प्रभूचं जेवन तिकडं घेते."

तिनं हातातलं गाठोडं त्यांच्या हातावर ठेवलं.

"रेशनच्या मिलोची न्हाई केली. ती लाल ज्वारी अमेरिकेत घोड्याला घालत्यात म्हनं. आपल्या पोटाचं ठीक हाय, पर प्रभूच्या नावानं कशी थापू? बियाचा शाळू ठिवला हुता मडक्यात, उंदरानं खाऊन उरला तेवढा दळला. पीठ एकाच भाकरीचं निघालं. बघ पुरवून."

ती वळली. उन्हातून रस्ता ओलांडून, काखेतलं दुसरं गाठोडं सांभाळत, शेडात गेली. सलाम करायची राहिली.

पाळक मेजाशी आले. माना खाली गेल्या. पाठ असलेले शब्द त्यांनी सुरू केले. प्रभूनं भाकर घेतली, उपकार मानले... बोलता बोलता त्यांनी फडक्याची गाठ सोडली.

आत अर्धी भाकर होती. मधोमध मोडलेली. तिच्या गोल काठाला मात्र कुठं चीर नव्हती.

पुढं म्हणायचं होतं की प्रभूनं ती मोडली. तेवढंच तोंडातून निघेना. माणसं माना खाली घालून वाट पाहत होती.

रस्त्यापलीकडून आसाराम मास्तरांचा आवाज येत होता. तेच शब्द, त्याच चालीत. भाकर घेतली, उपकार मानले...

मग तिकडचा आवाजही थांबला.