बुवांची मंथरा

रामनवमीच्या उत्सवात कुमुद बायकांमध्ये कीर्तनाला बसली होती. नाटका-सिनेमांत आत्या, मोलकरणी, खाष्ट सासवा करता करता तिचे केस पिकले. समोर उभे असलेले बुवा तिचे वडील. "तोंडाला रंग फासून नाचणं मी बघायचा नाही," असं ते म्हणाले होते, ते तिला अजून सलत होतं. खरं तर आवाज कुठे चढवायचा आणि कुठे थांबायचं, हे ती लहानपणी त्यांच्यामागे झांज वाजवतच शिकली होती.

पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला आणि आख्यानात मंथरा आली. बुवांनी एक खांदा पाडला, उपरण्याचं टोक दातांत धरलं आणि ते पाय ओढत चालू लागले. बायका खुदुखुदु हसल्या. कुमुद मात्र थिजली. ही चाल तिच्या नाटकातल्या आत्याबाईची होती!

आरतीनंतर ती पाया पडली. "अण्णा, माझं नाटक कधी पाहिलंत?"

"मुंबईला कीर्तनाला गेलो की जायचो," बुवा तिच्या कपाळाला बुक्का लावत म्हणाले. "तिकीट मागचंच मिळायचं गं. डाव्या हाताचं काय करतेस, ते कधी दिसलं नाही. दाखव बरं."